घोड्यांचा ट्रक कोण चालवणार?

तबेल्यातले किस्से लिदीसारखे असतात. सकाळी कितीही झाडून साफ करा, संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग! आम्ही तबेल्यातले जुने दोघे-तिघे अजूनही प्रताप नगरातल्या चहाच्या टपरीवर भेटतो. "झालं बाप्पा आता सगळं सांगून," असं म्हणून कप खाली ठेवतो न ठेवतो तोच कोणीतरी सुरू करतो, "अन् ते आठवते का गा...?" झालं! दुसरा चहा.

बाकीचे किस्से सगळ्यांचे मिळून आहेत. ट्रकचे मात्र मीच सांगतो. त्यात सगळ्यात जास्त जळलो मी, तेव्हा हक्कही माझाच!

मी वामन. हिंगण्याच्या रस्त्यावर माईसाहेबांचा तबेला होता, तिथे मी मोतद्दार होतो. म्हणजे घोड्यांना खरारा करायचा, चंदी घालायची, फिरवून आणायचं, आजारी पडले तर उशाशी बसायचं. माईसाहेबांच्या यजमानांना घोड्यांचा भारी शौक. ते गेले, तरी बाईंनी एकही घोडा विकला नाही. आठ घोडे होते. दोन-तीन शर्यतीला पुण्याला जायचे, काही प्रदर्शनात मिरवायचे, आणि उरलेले नुसतेच खायचे.

पूर्वी आम्ही घोडे रेल्वेच्या डब्यातून न्यायचो. मग एक दिवस माईसाहेबांनी मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक आणवला. हे लांब नाक! सुताराने मागे घोड्यांसाठी लाकडी पेटी बांधली, आतून काथ्याच्या गाद्या ठोकल्या, चढा-उतरायला जाड फळी केली, तीच वर उचलली की दार. ड्रायव्हरच्या पाठीमागे घोड्याचं डोकं मावेल एवढी खिडकी ठेवली, तिला झडप.

माईसाहेबांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. "बाहेरचा ड्रायव्हर मला नको. त्याला घोडा म्हणजे पोतं वाटतं. आपल्यातलाच कोणीतरी शिकेल."

मी एक पाऊल पुढे झालो. आठ वर्षं नोकरी झाली होती माझी! दुसरा होता कोण?

"वामन," माईसाहेब म्हणाल्या.

मी मान झुकवली.

"आणि प्रल्हाद. दोघंही शिका. जो चांगला चालवेल, ट्रक त्याचा."

प्रल्हाद! येऊन दोन वर्षं झालेला! काटोलकडचा, संत्र्याच्या बागेतून आलेला, बोलायला गेलं तर तीन शब्दांत संपणारा. मी मागे वळून पाहिलं. तो गालातल्या गालात हसतसुद्धा नव्हता. हसला असता तर मला निदान भांडता तरी आलं असतं!

*

शिकवायला कामठीहून रहीमचाचा यायचे. मिलिटरीत आधी खेचरं हाकली, मग ट्रक हाकले. त्यामुळे त्यांना दोन्हीकडच्या शिव्या यायच्या.

प्रताप नगरात तेव्हा आजच्यासारखे बंगले नव्हते. मोकळं रान, पळसाची झुडपं, आणि मध्येमध्ये घरांचे नुकते खणलेले पाये. तिथे पहिला धडा. चाचांनी क्लच दाखवला, गिअर दाखवला, ब्रेक दाखवला. मी "हाव, हाव" करत मान हलवली. आठ वर्षं घोडे सांभाळलेल्या माणसाला हे लोखंड काय भारी!

ट्रक निघाला. निघाला म्हणजे उडीच मारली त्यानं. समोर कोणाच्या तरी घराच्या वाळूचा ढीग. मी काय केलं? जे आठ वर्षं करत आलो तेच केलं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं, गुडघे आवळले आणि ओरडलो, "होऽऽ! होऽऽ बेटा! होऽऽ!"

बेटा थांबला, पण वाळूत नाक खुपसून!

चाचांनी तोंडातली वाळू थुंकली. मग शांतपणे म्हणाले, "मियाँ, ब्रेक पाँव में होता है, मुँह में नहीं!"

मग प्रल्हाद बसला. त्यानं आधी दोन मिनिटं इंजिनाचा आवाज नुसता ऐकला. मग गाडी अशी काढली, की चाचांच्या विडीवरची राख हलली नाही. पूर्ण चक्कर मारून जागच्या जागी आणून उभी केली.

"या अल्लाह," चाचा म्हणाले, "इसको सिखाना क्या है?"

मी मनात म्हटलं, मग नका ना शिकवू!

*

महिनाभरानं चाचांनी नवीनच टूम काढली. "घोड़े को हाथ नहीं होते. वो पकड़ नहीं सकता. आज तुममें से एक घोड़ा बनेगा."

म्हणजे एकानं मागच्या पेटीत घोड्याच्या जागी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. दुसऱ्यानं चालवायचं. मागच्याला काय सोसावं लागतं ते कळल्याशिवाय पुढच्याला अक्कल येत नाही, असं चाचांचं म्हणणं.

पहिला घोडा प्रल्हाद झाला. चालवायला मी. चाचा माझ्या शेजारी. आम्ही कोराडीच्या रस्त्याला लागलो. कोळशाचे ट्रक राख उडवत जात होते, मी आपला हळूहळू मागून. चांगलं चाललं होतं. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायचा, त्याला डबल क्लच म्हणतात, तेसुद्धा जमायला लागलं होतं. तेवढ्यात चाचा म्हणाले, "ठीक है. पर परल्हाद का हाथ कुछ और ही है."

काय झालं माझं मला कळलं नाही. पुढचा रस्ता रिकामा होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो!

मागून आवाज आला. धाड!

फळी उघडली तेव्हा प्रल्हादच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आता हा सांगणार, माईसाहेबांपर्यंत जाणार, आणि माझा ट्रक गेला!

"क्या हुआ?" चाचांनी त्याला विचारलं.

प्रल्हाद माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुत्रा आडवा आला असन, चाचा. वामनभाऊनं वाचवला त्याले."

बंद पेटीत उभ्या असलेल्या माणसाला कुत्रा कुठून दिसणार? आणि चाचा तर माझ्या शेजारीच बसलेले! त्यांनी टेंगळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुत्ता तो था, मियाँ," ते म्हणाले. "पर सड़क पे नहीं था."

प्रल्हादनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर रात्री झोप लागली असती. त्यानं वाचवलं, म्हणून मी त्याच्यावर आणखी जळायला लागलो. असं कसं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

घरी तरी सुख असावं की नाही?

नवरात्रात माईसाहेबांनी तबेल्यातल्या सगळ्या बायकांना ट्रकमधून कोराडीच्या देवीला पाठवलं. चालवायला प्रल्हाद, शेजारी रहीमचाचा. मला म्हणे घोड्यांपाशी कोणीतरी हवं. बायका घोड्यांच्या जागी सतरंज्या टाकून बसल्या, गाणी म्हणत गेल्या, गाणी म्हणत आल्या.

आमची सुमन घरात शिरली तीच कौतुक करत. "काहो, मी कढीचं पातेलं मांडीवर घेऊन गेली होती. काठोकाठ भरलेलं! एक थेंब सांडला नाही!"

"झाकण घट्ट असन," मी म्हटलं.

"झाकण घरीच राहिलं ना!"

ती पुढे सुरूच. "परल्हादभाऊजी वळण घेतात ना, तर कळतसुद्धा नाही. अन् गाडी थांबली तरी कढी हलली नाही. मी तर म्हणते..."

"तू काय म्हणू नोको वं!" मी चिडलो. "घोड्याच्या जागी बसून गेली, अन् वरून सांगून राहिली!"

सुमननं पातेलं खाली ठेवलं. कमरेला पदर खोचला. "घोड्याच्या जागी बसली म्हणूनच तर कळलं. तुमच्या सायकलवर दहा वर्षं बसून राहिली मी. मले वाटे, माणसाचा प्रवास असाच असते!"

*

लायसनच्या परीक्षेचा दिवस मी विसरूच शकत नाही.

त्याच दिवशी आमच्या एका घोडीला कामठीला न्यायचं होतं. कागदोपत्री तिचं नाव मोठं इंग्रजी, पण अंगानं गोल गरगरीत म्हणून आम्ही सगळे तिला ढेमसी म्हणायचो. तर माईसाहेब म्हणाल्या, परीक्षा आटपा आणि तसेच पुढे जा. म्हणून ढेमसी मागे चढवलेली.

परीक्षा घेणारे साहेब आले. बारीक, चष्मेवाले, हातात फाईल. "मागे काय आहे?"

"घोडी आहे, साहेब."

"चावते?"

"नाही, साहेब."

पहिला नंबर प्रल्हादचा. आता खोटं कशाला बोलू? साहेब चढायच्या आधी मी हळूच ड्रायव्हरच्या मागची झडप उघडून ठेवली. ढेमसीची खोड मला माहीत होती. उघडी खिडकी दिसली की तिनं डोकं बाहेर काढलंच. गाडी चालवताना मानेवर घोडीचा श्वास लागला की भल्याभल्यांचा हात हलेल, असा माझा हिशोब!

गाडी निघाली. मी बाहेर उभा राहून बघत होतो. ढेमसीनं डोकं काढलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हनुवटी प्रल्हादच्या खांद्यावर ठेवून डोळे मिटले! पूर्ण परीक्षाभर! चढ झाला, वळण झालं, रिव्हर्स झालं. ती बया उठली नाही.

साहेब उतरले ते हसतच. "अहो, मी काय पास करणार? घोडीनंच पास केलं!"

मग माझा नंबर. झडप बंद करायची राहिलीच. मी क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला, ढेमसी जागी झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा खांदा तिला काही आवडला नाही. ती दुसरीकडे वळली आणि साहेबांच्या हातातली फाईल तोंडात धरली!

"थांबवा! थांबवा!"

मी थांबवली. इतकी जोरात, की साहेबांचा चष्मा काचेवर आणि फाईल पेटीत! माझा अर्ज फाईलमध्ये सगळ्यात वर होता. तेवढाच तिनं खाल्ला.

मी तिसऱ्या खेपेला पास झालो. ट्रक अर्थातच प्रल्हादला मिळाला. मी राखीव ड्रायव्हर, म्हणजे मागच्या पेटीत घोड्यांजवळ उभा राहणारा.

*

एका गोष्टीत मात्र त्याला माझ्या नखाची सर येत नव्हती. घोडे ट्रकमध्ये चढवणं!

बादशहा नावाचा आमचा काळा घोडा फळीजवळ आला की चारी पाय रोवायचा. ओढा, ढकला, डोळ्यांवर पोतं टाका, काही उपयोग नाही. मी काय करायचो? त्याच्याकडे पाठ करून, लगाम सैल सोडून, दुसऱ्याच कुठल्यातरी विचारात असल्यासारखा फळीवरून चालत जायचो. तो माझ्या मागे यायचा. बस!

एकदा प्रल्हाद जवळ आला. "वामनभाऊ, मले शिकवता का?"

बघा, माझ्याकडे मागायला आला होता! आणि मी काय म्हटलं? "हे शिकवून येत नाही गा. हे रक्तात असावं लागते."

त्यानं मान हलवली आणि रोज दुपारी एकटाच बादशहाला घेऊन फळीपाशी उभा राहायला लागला. जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडाखाली पडलेले असायचे आणि हा उन्हात घोड्याकडे पाठ करून उभा! मी पानाच्या ठेल्यावरून बघायचो. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. माझं जेवण पचेना. याला हेही जमलं तर माझ्याकडे काय राहिलं?

चौथ्या आठवड्यात बादशहानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

मला इतका आनंद झाला, की मी स्वतः धावत जाऊन त्याला हळद लावली!

"बरं वाटते का?" मी विचारलं.

"तुमाले बरं वाटून राहिलं ना?" प्रल्हाद म्हणाला.

तीन शब्दांत संपणारा माणूस! पण कधीकधी चार-पाच बोलायचा.

*

या पुढच्या किश्श्याला टपरीवर कोणी हसत नाही. पण सांगतो.

अमरावतीहून दोन घोडे घेऊन परत येत होतो. दुपारची वेळ. प्रल्हाद चालवत होता, मी मागे घोड्यांजवळ. कोंढाळीच्या अलीकडे उतार आहे. तिथे वळणावर एक बैलगाडी रस्त्याच्या मधोमध, आणि समोरून बस. ब्रेक मारला असता तर दोन्ही घोडे माझ्यासकट पुढच्या फळ्यांवर आपटले असते. नसता मारला तर बैलगाडीतली माणसं गेली असती.

हे सगळं मला नंतर कळलं. मला मागे एवढंच जाणवलं, की ट्रक हळूच एका बाजूला झुकला, जमीन मऊ लागली, आणि आम्ही कापसाच्या शेतात पळाट्या मोडत चाललो आहोत. घोड्यांनी फक्त कान टवकारले. ट्रक आपोआप संथ होत थांबला.

मी उडी मारून पुढे आलो. प्रल्हाद स्टेअरिंगवर बसलेला, चेहरा पांढराफटक. बांधावर चाक आदळलं तेव्हा स्टेअरिंगनं उलटा झटका दिला होता. उजवं मनगट बघवत नव्हतं.

"घोडे?" त्यानं विचारलं.

"ठीक आहेत."

"तुमी?"

मी मान हलवली. आणि आता खरं सांगतो, जे मी सुमनलासुद्धा कितीतरी वर्षं सांगितलं नाही. ते मनगट बघून माझ्या मनात पहिला विचार आला, आता ट्रक माझा!

दुसरा विचार आला तेव्हा मी त्या शेतात खालीच बसलो.

गावकऱ्यांनी ट्रक बाहेर काढायला हात लावला. मी त्याचं मनगट माझ्या पंच्यानं बांधलं, त्याला बाजूला बसवलं आणि नागपूरपर्यंत गाडी आणली. सगळा रस्ता मी वाट बघत होतो, हा आता म्हणेल, क्लच लवकर सोडला. आता म्हणेल, वळण मोठं घेतलं. दोन-तीनदा गिअरचे दात करकर वाजले. वेदनेनं त्याचे डोळे मिटत होते, पण तो काही बोलला नाही.

दवाखान्यात पोचलो. उतरताना म्हणाला, "चांगली आणली."

मला माहीत होतं चांगली आणली नव्हती. पण मी ते दोन शब्द घरी नेले आणि सुमनला सात वेळा सांगितले.

*

आता शेवटचा. हा सांगितल्यावर टपरीवर कोणी दुसरा किस्सा काढत नाही.

प्रल्हादचा हात प्लास्टरमध्ये होता. ट्रक माझ्याकडे. पंधरा दिवस मी राजा! आणि एका दुपारी ढेमसीच्या पोटात दुखायला लागलं.

घोड्याचं पोटात दुखणं म्हणजे साधी गोष्ट नाही. घोड्याला ओकता येत नाही. दुखलं की तो लोळतो, आणि लोळला की आतडं पिळतं, आणि मग संपलं. ढेमसीला दरदरून घाम सुटला होता. पायानं जमीन उकरत होती, मान वळवून पोटाकडे बघत होती. डॉक्टरांनी टेलिफोनवर सांगितलं, "मिनिटभरही बसू देऊ नका. असेल तशी इकडे घेऊन या."

जनावरांचा दवाखाना टेकडीच्या बाजूला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कशीबशी तिला आम्ही ट्रकमध्ये चढवली. आणि तिथेच अडलो.

पेटीत तिला उभी ठेवणार कोण? आजारपणात ती माझंच ऐकायची. मग ट्रक कोण चालवणार?

"मी चालवतो," प्रल्हाद म्हणाला.

"एका हातानं?"

"डाव्या हातानं गिअर होते. स्टेअरिंग कोपरानं धरीन."

"अन् चढावर? मारतो का सगळ्याले? मी चालवतो, तू मागं थांब."

"एका हातानं मी तिले कसा धरू? खाली बसली तं?"

"मंग कशाले कापसात घुसवली गाडी!"

हे मी बोललो. बोललो बाप्पा! त्यानं प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुमाले वाचवाले!"

आम्ही दोघं फळीवर उभे राहून भांडतोय, आत घोडी कण्हतेय, बाकीचे बघतायत. तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

प्रल्हाद इथे, मी इथे. रहीमचाचा कामठीला. मग गाडीत कोण?

मी पेटीतून झडपेकडे धावलो. खिडकीतून मला एक पांढरा अंबाडा दिसला. माईसाहेब! साठीच्या, नऊवारी पातळ, पायांतल्या चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. आजवर आम्ही त्यांना मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेलंच पाहिलं होतं.

"भांडून झालं असेल तर फळी लावून घ्या," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आणि घोडीला धरा."

आम्ही दोघांनी फळी लावली. मी ढेमसीचं डोकं छातीशी धरलं, प्रल्हादनं तिच्या मागच्या अंगाला खांदा लावला. ट्रक निघाला. हिसका नाही, धक्का नाही.

तीन वाजले होते. हिंगण्याच्या कारखान्यांची पाळी सुटलेली. मोटारसायकली, सायकली, कंपन्यांच्या बसगाड्या, नुसती झुंबड! फटीतून दिसत होतं, लोक सायकलवरून उतरून, तोंड उघडं टाकून ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघत होते. आणि ट्रक त्या गर्दीतून असा चालला होता, जसा कोणी भरल्या घरात पाहुण्यांच्या पंगतीतून तूप वाढत जावं.

"दुसरा," प्रल्हाद मागून पुटपुटला.

थोड्या वेळानं, "तिसरा टाकला."

मी कान देऊन ऐकत होतो. एकदा तरी गिअरचा दात वाजेल! चढ आला. इथे तर मी नेहमी अडकायचो. क्लच, मोकळा गिअर, पुन्हा क्लच, आणि दुसरा. लोण्यात सुरी जावी तसा!

ढेमसी एकदाही खाली बसली नाही.

दवाखान्याचं फाटक अरुंद होतं. आत आंब्याचं झाड, त्याच्या मागे शेड, आणि घोडी उतरवायची तर ट्रक उलटा घालून शेडला टेकवावा लागायचा. प्रल्हादला तिथे तीन दमांत जमायचं. मला सात. एकदा तर मी आंब्याची फांदी घेऊनच घरी आलो होतो!

माईसाहेबांनी ट्रक थांबवला. आरशात एकदाच पाहिलं. आणि एका दमात, ना पुढे ना मागे, सरळ रेषेत तो ट्रक शेडला आणून लावला. फळी पडली ती बरोब्बर उंबऱ्यावर!

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं. तासाभरानं ढेमसीचा घाम वाळला. मग तिनं कान हलवले, आणि समोरच्या गवताला तोंड लावलं. मी भिंतीला टेकून रडलो. लाजलो नाही.

माईसाहेबांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला, चपला घातल्या आणि किल्ली प्रल्हादच्या डाव्या हातात ठेवली. "तिसरा गिअर जरा कडक झालाय. तेल बघून घ्या."

आणि मागून आलेल्या मोटारीत बसून निघून गेल्या. कुठे शिकल्या, कधी शिकल्या, कोणी शिकवलं, आम्हाला कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी रहीमचाचांना विचारलं, "चाचा, तुमी शिकवलं का त्यायले?" चाचांनी कानाला हात लावले. "मैंने? उनसे बोलो, मुझे सिखा दें!"

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. माईसाहेबांची मोटार फाटकाबाहेर गेली आणि आम्ही दोघंच आवारात उरलो. मातीत ट्रकच्या चाकांच्या दोन सरळ रेघा उमटल्या होत्या. प्रल्हाद त्यांच्याकडे बघत होता. डोळे बारीक, ओठ दाबलेले, नाकपुड्या फुललेल्या.

तो चेहरा मी ओळखला. रोज सकाळी दाढी करताना बघायचो ना!

त्यानं चपलेच्या टोकानं एका रेघेची माती जरा उकरली.

"वामनभाऊ," तो म्हणाला, "एवढी काई सरळ नाही आली गाडी. नाही का?"

मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"हाव ना गा!" मी म्हटलं. "डाव्या बाजूले चांगली बोटभर कललीच होती!"